ओळख आणि आठवण : रोजच्या जीवनातील छायाचित्र
(भनपुरी, रायपूर येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कॅमेरा आणि छायाचित्र या विषयावर मी आपल्यापुढे बोलावे, असा निरोप वाचनालयाच्या चालकांकडून आला, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. या विषयाचा पंडित म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही. माझे वडील विदर्भातून रायपूरला आले आणि येथे त्यांनी एक लहानसे छायाचित्रालय चालवले. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या हाताखाली काम करीत असे आणि पुढे अनेक वर्षे ते दुकान मीच सांभाळले. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते एका कारागिराचे अनुभव आहेत. त्यांना जोड म्हणून या कलेच्या इतिहासातील काही गोष्टी मी वाचून ठेवल्या आहेत.

आपली ही भनपुरी रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेली आहे. कारखान्यांच्या आश्रयाने ही वस्ती वाढली आणि कामाच्या शोधात निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येथे आली. मराठी माणूस तर छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून आहे. गाव सोडून परमुलखात जाणारा माणूस बरोबर फारसे सामान घेत नाही. एक पत्र्याची ट्रंक, अंथरूण आणि दोन भांडी एवढाच त्याचा संसार असतो. परंतु त्या ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीखाली, बहुधा एक छायाचित्र असते. आईवडिलांचे असते, लग्नातले असते, कधी गावच्या जत्रेत काढलेले असते. खोली मिळाली, भिंतीला खिळा ठोकला, की देवाच्या चित्राशेजारी तेही लागते. आणि त्याच माणसाच्या सदऱ्याच्या खिशात दुसरे एक छायाचित्र असते, ते कारखान्याच्या फाटकावर दाखवावयाच्या पासावरचे.

भिंतीवरचे आणि खिशातले, अशी ही दोन छायाचित्रे हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मराठीत 'ओळख' हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, 'ओळख पटवा.' आणि निरोप घेणारा स्नेही म्हणतो, 'ओळख ठेवा.' शब्द एकच असला तरी पहिल्या वाक्यात संशय आहे आणि दुसऱ्यात जिव्हाळा. छायाचित्र जन्माला आल्यापासून ही दोन्ही कामे करीत आले आहे. सर्वसामान्य माणसाला त्याचे जे आकर्षण वाटते आणि इतक्या वर्षांनंतरही जे ओसरत नाही, त्याचे मूळ या दुसऱ्या कामात आहे, असे माझे मत आहे.

प्रथम या कलेच्या जन्माकडे वळू. लहानपणी आपण सर्वांनी एक चमत्कार पाहिला असेल. भर दुपारी दारे-खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत पडावे, दाराला एखादे बारीक भोक असावे आणि समोरच्या भिंतीवर रस्त्यावरून जाणारी सायकल उलटी, चाके वर करून जाताना दिसावी. प्रकाश सरळ रेषेत जातो. वरचा किरण भोकातून खाली उतरतो आणि खालचा वर चढतो, म्हणून चित्र उलटे पडते. कॅमेरा म्हणजे अशीच एक अंधारी खोली आहे. त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच मुळी 'खोली' असा आहे. भोकाच्या जागी भिंग बसवले की चित्र उजळ आणि रेखीव होते. हे ज्ञान फार जुने आहे. भिंतीवर पडलेले ते चित्र धरून कसे ठेवावे, ही खरी अडचण होती.

ती अडचण चांदीने सोडवली. चांदीच्या काही क्षारांवर प्रकाश पडला की ते काळवंडतात. १८२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये निएप्स याने प्रकाशाच्या साहाय्याने पहिले टिकाऊ चित्र मिळवले, मात्र ते चांदीने नव्हे, तर एका प्रकारच्या डांबराच्या लेपाने. त्याचा सहकारी दागेर याने चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची रीत सिद्ध केली आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये ती जगापुढे खुली करण्यात आली. इंग्लंडमध्ये टॅलबट याने कागदावर उलटे, म्हणजे पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे, असे चित्र घेऊन त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची युक्ती शोधली. आपण ज्याला निगेटिव्ह म्हणतो त्याचा उगम तेथे आहे. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने दाखवून दिले की हायपो नावाच्या क्षाराच्या द्रावणात चित्र बुडवले, तर प्रकाश न लागलेली चांदी धुऊन जाते आणि चित्र पुढे काळे पडत नाही. शंभराहून अधिक वर्षे जगातील प्रत्येक छायाचित्रकाराची बोटे या हायपोच्या वासाने भरलेली असत. माझ्या वडिलांच्या बोटांचा तो वास मला आजही आठवतो.

ही विद्या हिंदुस्थानात येण्यास वेळ लागला नाही. वर्षभरातच कलकत्त्यात कॅमेरे विक्रीस आले. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आपण प्राच्यविद्येचे अभ्यासक म्हणून जाणतो. त्यांना व त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांना या नव्या विद्येची ओढ होती आणि नारायण दाजींनी तर तिच्यात चांगलेच प्रावीण्य मिळवले. एल्फिन्स्टनच्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचे छायाचित्रालय काढले. याचा अर्थ असा, की कॅमेरा येथे परदेशी साहेबाच्या सामानातून आला खरा, पण एका पिढीच्या आत तो मराठी माणसाच्या हाती स्थिरावला होता.

आरंभापासूनच छायाचित्राच्या दोन वाटा दिसतात. एक वाट राज्यकर्त्यांची. १८६८ ते १८७५ या काळात सरकारच्या आश्रयाने हिंदुस्थानातील लोकांविषयी आठ खंडांचा एक मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. १८५७ च्या उठावानंतर या देशातील माणसे नीट ओळखून ठेवण्याची सरकारला निकड वाटत होती. त्या पानांवर शेतकरी आहेत, सैनिक आहेत, डोंगरात राहणाऱ्या जमाती आहेत. चेहरे अतिशय स्पष्ट आहेत. पण बहुसंख्य चित्रांखाली माणसाचे नाव नाही. आहे ते जातीचे, जमातीचे किंवा प्रांताचे नाव आणि सोबत त्या जातीच्या स्वभावाविषयी लेखकाचा शेरा. कोणी विश्वासू, कोणी उद्धट, कोणी गुन्हेगारीकडे झुकणारा. येथे ओळख पटवली गेली, पण ओळख झाली नाही. आपल्याच लोकांनी काढलेली त्या काळातील काही चित्रेही याच प्रकारची आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यंत्र कोणाच्या हातात आहे, एवढ्यावरच सारे अवलंबून नसते.

दुसरी वाट घराकडे जाणारी. १८५४ साली पॅरिसमधील दिस्देरी याने एकाच काचेवर आठ लहान छायाचित्रे घेण्याची रीत काढली. त्यामुळे भेटपत्राएवढे छायाचित्र स्वस्तात मिळू लागले. मुंबई-पुण्याच्या वाड्यांतून अशी छायाचित्रे अजून सापडतात. पगडी घातलेला कारकून एक हात पुस्तकावर ठेवून बसला आहे; नऊवारीतील गृहिणी खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकली आहे; मधोमध तिवईवर फुलदाणी आहे. पूर्वी स्वतःची तसबीर असणे हा राजे, सरदार आणि सावकार यांचा मान होता. चित्रकाराला महिना महिना पोसणे इतरांना कोठून परवडणार? सामान्य माणूस मेला की त्याचा चेहरा त्याला पाहिलेल्या माणसांबरोबरच नाहीसा होत असे. कॅमेऱ्याने हा भेद मोडला. नातवाला न पाहिलेल्या आजोबांचा चेहरा पाहता येऊ लागला. ज्या समाजात श्राद्धाच्या वेळी तीन पिढ्यांची नावे घेतात, त्या समाजाला या गोष्टीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अर्थात लोकांच्या मनात भीतीही होती. फोटो काढला की आयुष्य कमी होते, हा समज आपल्या आजी-पणजींनी उराशी बाळगला होता. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते, तेव्हा त्यांनाही या समजुतीचा त्रास झाल्याचे सांगतात. गोध्र्याला प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल त्यांच्यापासून हिरावून नेले. पुढे १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि त्याचा कोंब रोज थोडा थोडा कसा वाढतो, हे एकेक चित्र घेऊन टिपले. ती चित्रे सलग दाखवली, की रोप डोळ्यांदेखत वाढत असे. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला, हे आपण सर्व जाणतो. त्या चित्रपटाच्या फितीला कडेने भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच करीत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्याकडे हे शास्त्र असे स्वयंपाकघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत वाढले. घरातील बायकामुले त्याला हातभार लावीत होती.

आता आपल्या छत्तीसगडातीलच एक उदाहरण सांगतो, कारण माझ्या मुद्द्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. बस्तरमध्ये नारायणपूरजवळ गढबेंगाल नावाचे गाव आहे. तेथील चेंदरू मंडावी हा मुरिया मुलगा वाघाच्या बछड्याबरोबर खेळत असे. अर्ने सुक्सडॉर्फ या स्वीडिश दिग्दर्शकाने त्याला घेऊन चित्रपट काढला. तो १९५७ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पत्नी आस्ट्रिड यांनी काढलेल्या छायाचित्रांचे पुस्तकही निघाले. वाघाला मिठी मारणारा तो मुलगा युरोपातील घराघरांत पोहोचला. चेंदरूला काही काळ स्वीडनलाही नेण्यात आले. नंतर तो गावी परतला आणि त्याचे उरलेले आयुष्य तेथेच, हलाखीत गेले. २०१३ साली तो वारला. ज्याचा चेहरा देशोदेशींच्या मुलांनी पाहिला, त्याची विचारपूस करणारे मात्र थोडेच होते. त्या छायाचित्रांच्या सौंदर्याविषयी मला तक्रार नाही. ती खरोखरच सुंदर आहेत. पण ती माणसापासून दूर निघून गेली. चित्राची कीर्ती झाली, म्हणजे त्या चित्रातील माणसाची ओळख राहिली असे नव्हे.

घरातील छायाचित्राचे याच्या उलट असते. त्याला कीर्ती नसते. कलेच्या दृष्टीने पाहिले तर ते बहुधा सदोषच असते. कोणाचे डोळे मिटलेले, कोणाचे डोके कापलेले, तर कोठे काढणाऱ्याची सावली अंगणात पडलेली. तरीही तेच आपण पुन्हा पुन्हा काढून पाहतो.

असे छायाचित्र घरच्या माणसाने काढण्याची सोय अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन याने केली. १८८८ मध्ये त्याने शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कॅमेरा विकावयास काढला. चित्रे संपली की कॅमेरा कारखान्याकडे पाठवावयाचा. बाकीचे सारे ते करून देत. १९०० मध्ये त्याने मुलांच्याही हाती देता येईल असा एक डॉलरचा कॅमेरा काढला. आपल्याकडे हा योग स्वातंत्र्यानंतर आला. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा अनेक मध्यमवर्गीय घरांतील पहिला कॅमेरा होता. त्याला फिरवावयाच्या खटपटी फारशा नव्हत्या. ऊन असावे, सूर्य पाठीशी असावा, हात हलू नये आणि माणसे थोडी दूर उभी असावीत, एवढे सांभाळले की चित्र येई. चित्रफितीसाठी केवळ परदेशावर अवलंबून राहू नये, म्हणून निलगिरीत उदकमंडलम येथे सरकारी कारखाना उभारण्यात आला; १९६७ साली तेथे उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' या नावाने त्याचा माल देशभर मिळू लागला. चित्रफितीचे युग संपले तसा तो कारखानाही कालांतराने बंद पडला.

क्लिक-३ च्या एका रोलमध्ये बारा चित्रे येत. आजच्या मुलांना या बाराचे महत्त्व कळणार नाही. एक रोल दिवाळीला भरावयाचा आणि तो संक्रांतीपर्यंत पुरवावयाचा. बारशाची दोन, मुंजीची चार, पाहुणे जाताना एक. कळ दाबण्यापूर्वी वडील माणूस सर्वांना नीट उभे करी, पदर सारखे होत, मुलांची नाके पुसली जात, शेजारचा पोरगा मध्ये घुसला तर त्यालाही घेतले जाई. मग रोल धुवावयास आमच्याकडे येई आणि आठ दिवस घरचे लोक वाट पाहात. लाल दिव्याच्या मंद उजेडात, डेव्हलपरच्या तबकात पांढरा कागद सोडला, की प्रथम काळे केस उमटत, मग डोळे, मग साडीचे काठ आणि शेवटी गालांवरचा फिकट करडा रंग. हजारो वेळा पाहूनही मला त्या क्षणाचा कंटाळा कधी आला नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. कुटुंबाच्या छायाचित्रांत एक माणूस सहसा नसतो. तो म्हणजे छायाचित्र काढणारा. अनेक घरांत वडील वारल्यावर असे आढळे, की सर्वांची छायाचित्रे आहेत आणि त्यांचेच नाही.

दुकानात येणारी कामे ठरलेली असत. लग्न जमवण्यासाठी मुलीचा फोटो, नोकरीच्या अर्जासाठी मुलाचा फोटो, परीक्षेच्या फॉर्मसाठी तीन प्रती. जत्रेच्या दिवसांत आम्ही रंगवलेले पडदे घेऊन जात असू. त्यांवर ताजमहाल असे, विमान असे, कमळांचे तळे असे. दिवसभर घाम गाळणारा मजूर आणि त्याची बायको त्या विमानासमोर ताठ उभी राहात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण गांभीर्य येई. शहरी माणसे त्या पडद्यांना हसत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. वर्षातून एक दिवस आपण आपल्या मर्जीप्रमाणे दिसावे, एवढीच त्या माणसांची इच्छा असे. आणि कारखान्यांच्या भरतीचे दिवस आले, की पासांच्या फोटोंसाठी रांग लागे. पांढरा पडदा, समोर नजर, टोपी काढलेली. एका तासात तीस-चाळीस चेहरे आम्ही टिपत असू आणि संध्याकाळपर्यंत त्यांतील एकही आठवत नसे.

अशा पासाशी निगडित एक प्रसंग माझ्या मनात कायमचा राहिला आहे. १९८४ सालचा हिवाळा होता. एक बाई तिच्या दिराबरोबर दुकानात आली. तिचा नवरा दहा दिवसांपूर्वी आजारपणात वारला होता. पदराच्या गाठीतून तिने त्याचा फाटकावरचा पास काढला. त्यावर नखाएवढ्या आकाराचा चेहरा होता आणि कारखान्याच्या गोल शिक्क्याची जांभळी कड त्याच्या गालावरून गेली होती. दिवसासाठी मोठी तसबीर हवी होती. दुसरा फोटो आहे का, असे वडिलांनी विचारले. दुसरा नव्हता. लग्नात फोटो काढला नव्हता आणि पुढे काढू काढू म्हणता राहून गेला होता.

त्या काळी अशी तसबीर करताना एक पद्धत होती. मृताच्या अंगावर कुंचल्याने कोट आणि कधी टायही रंगवीत असत. घरच्यांना ते बरे वाटे. वडिलांनी तिला विचारले, कोट घालू का? ती म्हणाली, "नको भैया. त्यांनी कधी कोट घातला नाही. मुलगा ओळखायचा नाही." मग थोडे थांबून म्हणाली, "तेवढा गालावरचा शिक्का मात्र काढा."

त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत जागलो. ज्या रंगाचा डाग घालवायचा, त्याच रंगाची काच भिंगापुढे धरून चित्र घ्यावे, असा आमच्या धंद्यातील एक नियम आहे. त्यामुळे डाग फिकट येतो. जांभळ्या शाईसाठी वडिलांनी निळी काच लावली. शिक्का बराचसा विरला. उरलेली कड त्यांनी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने, ठिपक्याला ठिपका जोडून बुजवली. लहान फोटो इतका वाढवला की चेहऱ्याच्या कडा धूसर होतात. त्या त्यांनी तशाच राहू दिल्या. सकाळी ती तसबीर पाहून बाई काही बोलली नाही. सोबत तिचा चार-पाच वर्षांचा मुलगा होता. त्याने तसबिरीकडे बोट दाखवले आणि 'बाबू' म्हणून हाक मारली. वडिलांनी त्या कामाचे पैसे घेतले. फुकट केले असते तर तिला अपमान वाटला असता, असे ते मला नंतर म्हणाले.

मित्रहो, छायाचित्राच्या दोन कामांतील अंतर मला त्या रात्री समजले. फाटकापाशी जो चेहरा पटवून पाहिला जात होता, तोच घरी भिंतीवर गेला. फरक पडला तो एका शिक्क्याचा. आणि तो शिक्का कोणी तरी बसून, वेळ खर्चून, हाताने काढावा लागला.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी रंगीत छपाईची यंत्रे आली आणि आमची अंधारी खोली बंद पडली. माळ्यावर निगेटिव्हांची पाकिटे गोण्या भरून पडली होती. जुन्या फितीतील चांदी काढून घेणारे व्यापारी त्या वजनावर विकत घेत. मीही त्या विकल्या. किती पैसे आले, ते सांगण्याजोगे नाही. पुढे दोन वर्षांनी एक तरुण दुकानात आला. पावसाळ्यात त्याच्या खोलीत पाणी शिरले होते आणि वडिलांची तसबीर भिजून गेली होती. आईने त्याला सांगितले होते, की या दुकानात 'काच' जपून ठेवलेली असेल. तो तोच मुलगा होता. मी त्याला खरे सांगितले. तो रागावला नाही. 'ठीक आहे' म्हणाला आणि गेला. तो रागावला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. ते चेहरे मी माझ्या मालकीचे समजलो होतो. वास्तविक ते माझ्याकडे ठेव म्हणून होते.

आज काळ पालटला आहे. १९७५ साली अमेरिकेत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने चित्रफितीशिवाय चालणारा पहिला कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर होते आणि एक चित्र साठवण्यास तेवीस सेकंद लागत. ज्या कोडॅक कंपनीत तो काम करीत होता, तिलाच २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आता प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे. बाराचा हिशेब संपला. एका वाढदिवसाला दोनशे चित्रे निघतात. याविषयी कुरकूर करण्याची आम्हा जुन्या लोकांना सवय असते. मी ती करणार नाही. ज्या घरात लग्नाचा एक फोटो काढणेही जमले नव्हते, त्या घरातील लेकरू आज रोज हसताना टिपले जाते आणि गावी बसलेल्या आजीला ते त्याच क्षणी दिसते. कामासाठी दूर आलेल्या माणसाला हे किती मोठे सुख आहे, हे आपल्यापेक्षा अधिक कोणास कळणार?

दुसरीकडे ओळख पटवण्याचे कामही वाढले आहे. १९९३ साली निवडणूक आयोगाने मतदारांसाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र आणले. २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. शिधा, बँक, नोकरी, सर्व ठिकाणी चेहरा दाखवावा लागतो. त्याचा उपयोग आहे; ओळखीचा कागद नसलेल्या गरिबाचे हाल आपण पाहिले आहेत. पण त्यामुळेच भिंतीवरच्या छायाचित्राची जबाबदारी आपल्यावर अधिक येते. खिशातले छायाचित्र जपण्यास कचेऱ्या आहेत. घरातले जपण्यास आपल्यावाचून कोणी नाही.

म्हणून शेवटी काही साध्या गोष्टी सांगतो. घरातील जुनी छायाचित्रे एकदा खाली काढा आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि ठाऊक असेल तर साल लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूस उमटतो. मला अशी कितीतरी छायाचित्रे ठाऊक आहेत, की ज्यांतील चेहरा लख्ख आहे आणि नाव सांगणारा कोणीच उरला नाही. ती पुन्हा त्या आठ खंडांतील निनावी चेहऱ्यांसारखी होतात. छायाचित्रे ओलसर भिंतीला आणि उन्हाला लावू नका. जुने काळे-पांढरे छायाचित्र नीट धुतलेले असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मात्र रंगीत छायाचित्रांतील रंग उडून जातात. त्यांची पुन्हा चित्रे काढून ठेवा. फोनमधील दोनशे चित्रांतून वर्षाकाठी दहा निवडा, ती कागदावर छापून घ्या आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. एकाच फोनवर विसंबणे हे माझ्या माळ्यावर विसंबण्यासारखेच आहे. आणि जो नेहमी फोटो काढतो, त्याच्या हातून कॅमेरा घेऊन कधी तरी त्याचाही एक काढा.

या वाचनालयात पुस्तकांची कपाटे आहेत. त्यांतील एक कप्पा या वस्तीच्या छायाचित्रांसाठी राखून ठेवावा, अशी माझी चालकांना विनंती आहे. ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या घरातील एकेका छायाचित्राची प्रत, नाव लिहून, तेथे द्यावी. भनपुरीत कोणकोणत्या गावांहून माणसे आली, त्यांनी कोणती कामे केली, त्यांची मुले कशी वाढली, याचा इतिहास बहुधा कोणी लिहिणार नाही. तो कदाचित त्या कप्प्यात राहील. माझ्याकडे वडिलांनी जपलेली काही पाकिटे चुकून वाचली आहेत. त्यांतील चेहऱ्यांची नावे मला ठाऊक नाहीत. सर्वांत आधी ती मी येथे आणून ठेवीन. आपल्यापैकी कोणाला त्यांत एखादा चेहरा ओळखीचा वाटला, तर त्याचे नाव तेवढे मागे लिहावे.